दोन खाटांची खोली

आबाजींना नागपूरहून परत आणलं ते ऐन धानकापणीच्या दिवसांत. जीप अंगणात थांबली तेव्हा आमच्या गिरणीपुढे पोत्यांची रांग लागलेली होती आणि पोती घेऊन आलेली माणसं बिड्या विझवून उभी राहिली. बाबांनी आणि काकाजींनी आबाजींना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. आबाजींनी आधी घराकडे पाहिलंच नाही, गिरणीकडे पाहिलं. "पट्टा ढिला झाला वाटते, आवाज बराबर नाही," म्हणाले, आणि मग आत आले. मी दारात पाण्याचा गडू घेऊन उभी होते. माझं साकोलीच्या कॉलेजात पहिलं वर्ष चालू होतं. त्या दिवशी कॉलेज बुडवलं, आणि पुढे बरेच दिवस बुडतच गेलं.

आमचं गाव सानगडीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. घर म्हणजे ओळीने चार खोल्या, मागे स्वयंपाकाची पडवी, आणि पलीकडच्या भिंतीला टेकून टिनाच्या छपराची धान भरडायची गिरणी. आबाजींनी ती तरुणपणी तुमसरच्या एका मिलमध्ये काम शिकून येऊन टाकली होती. गिरणी चालू असली की आमच्या भिंती थरथरत, फळीवरची भांडी किणकिणत, आणि घरातली सगळी माणसं आपसूक मोठ्याने बोलत. माझं लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा सासरचे लोक म्हणायचे, ही पोरगी भांडल्यासारखं काहून बोलते? त्यांना काय सांगणार! कोंड्याची बारीक धूळ पापणीवर, केसांत, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर बसलेली असे. आई दिवसातून तीनदा झाडायची आणि तीनदाही ती तेवढीच निघायची. अजूनही कुठे ताज्या कोंड्याचा वास आला की मला भूक लागते.

आबाजींच्या पोटात कॅन्सर होता आणि तो पाठीपर्यंत गेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांना आणि काकाजींना बाजूला बोलावून सांगितलं, आता कापण्यासारखं काही नाही, घरी न्या, दुखू देऊ नका. त्यांनीच साकोलीतल्या एका संस्थेचा पत्ता दिला. अशा घरी नेलेल्या पेशंटकडे तिथली नर्स येत असे. रंजना सिस्टर त्या. काळी स्कुटी, डोक्याला रुमाल, पाठीवर बॅग. पहिल्याच दिवशी त्यांनी चपला काढल्या, हात धुतले आणि आबाजींच्या खाटेवरच बसल्या. खुर्ची मी आणली होती, ती तशीच राहिली. मॉर्फिनच्या गोळ्या कशा द्यायच्या, त्या गोळ्यांनी पोट गच्च होतं म्हणून दुसरं औषध बरोबर का द्यायचं, कूस कशी बदलायची, माकडहाडाजवळची कातडी रोज कशी पाहायची, हे त्यांनी आईला आणि मला करून दाखवलं. गावात तोवर कुणीतरी उठवलं होतं की म्हाताऱ्याला घरच्यांनी नशेवर ठेवलंय. बाबा जरा बिचकले. सिस्टर म्हणाल्या, "दुखत असलेल्या माणसाले नशा चढत नाही भाऊ, झोप लागते. पाहा तुमी." आणि तसंच झालं. त्या रात्री आबाजी कण्हले नाहीत, आणि सकाळी उठून त्यांनी चहात पोळी बुडवून मागितली. गोळ्यांचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. आबाजी दुसऱ्या कुणाच्या हातची गोळी घेत नसत.

आजारपणाचं नाव मात्र घरात कुणी काढत नव्हतं. काकाजी दर शनिवारी नागपूरहून यायचे. त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, आबाजींना काही कळता कामा नये, हाय खातील. अल्सर आहे, थंडी सरली की बरं वाटेल, असंच बोलायचं. काकाजी लहानपणापासून आबाजींचे लाडके, आणि त्यांना वडिलांचं मरण समोर दिसलं की ते काहीतरी करायला धावत. एकदा महागडी पावडर, एकदा पायांना मालिश करायचं यंत्र. एका शनिवारी आले आणि म्हणाले, या आवाजात माणसाला आराम कसा पडेल? गिरणी बंद ठेवा. बाबांना हंगामात गिरणी बंद ठेवणं जिवावर आलं होतं, पण भावापुढे ते बोलत नसत. सोमवारी सकाळी त्यांनी इंजिन लावलंच नाही. पोती आली तशी परत गेली.

घर एकदम मुकं झालं. आई पडवीत बोलली ते मला पुढच्या खोलीत स्वच्छ ऐकू आलं. आबाजी डोळे मिटून पडले होते. ते उघडून त्यांनी कान दिला आणि विचारलं, "कोन मेलं?"

आई पेज घेऊन आत येत होती. "कोनी नाही, मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली.

"मंग गिरनी कायले बंद हाये? पोळा नाही, काही नाही. गावात मयत झाल्याबिगर मी कधी बंद ठेवली का?"

आई माझ्याकडे पाहायला लागली. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि परत फिरले. आजी खाटेच्या पायथ्याशी बसून लाखोळीची डाळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"अजून कोनी मेलं नाही," आजी म्हणाली. "तुमचा आजार बरा होनारा नाही म्हून यायनं बंद केली. तुमाले आराम पडावं म्हून."

"कोनं सांगितलं तुले?"

"मले कोन सांगते? मले डोये नाहीत का?"

आबाजींनी छताकडे पाहिलं. मला वाटलं आता रडतील, किंवा ओरडतील. मग ते म्हणाले, "मले वाटतच होतं. अल्सरले एवढे लोक पाहाले येत नाहीत." आणि थोडं थांबून, "मनोहरले सांग, गिरनी चालू कर. लोकायचं धान पडून राहिलं असंन."

बाबांनी इंजिन लावलं. भिंती पुन्हा थरथरायला लागल्या आणि आजीने सूप उचललं. दुपारी गोळी द्यायला गेले तेव्हा आबाजींनी माझं मनगट धरलं. घरात मला सुनू म्हणत. "सुने," म्हणाले, "हे सारे मले लहान पोरगं समजून राहिले. तू खरं सांगत जाशीन का? जे विचारीन ते?" मी हो म्हटलं. एवढं मोठं काही कबूल करतेय असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्यानंतर घर जरा मोकळं झालं. आबाजी उघड उघड बोलायला लागले. माझ्या तेराव्याले बुंदी करजा, सोनपापडी नका आनू. तलावाकडचा बांध फुटला हाये, तो हंगाम संपायच्या आत बांधून घ्या. आई डोळ्याला पदर लावायची आणि आजी म्हणायची, "रडू नको वो, थो हुकूम सोडून राहिला. बरा असंन तवाच सोडते."

आजीकडे मात्र आमच्यापैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. ती रात्रंदिवस त्या खोलीत बसून असायची, उशी लावूनही आडवी होत नसे. आम्हाला वाटे आबाजींसाठी जागी राहते. एके दिवशी रंजना सिस्टर आबाजींची पाठ पाहून उठल्या आणि जाता जाता त्यांनी आजीच्या पायावर अंगठा दाबला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. आजीने लुगडं खाली ओढलं.

"कवापासून?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही, बसून बसून सुजते."

"आडवं झालं की दम लागते ना? आनि ते लघवीची गोळी देली होती सरकारी दवाखान्यातून, ते?"

आजीने ती गोळी दिवाळीपासूनच सोडली होती. सारखं उठून मागे मोरीकडे जावं लागतं, आणि मध्येच यांना पाणी लागलं तर कोण देणार, म्हणून. तिचं हृदय थकलेलं आहे हे वर्षापूर्वी कळलं होतं, पण आबाजींच्या आजारात ते कागदासारखं खाली दबून गेलं. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं की आता या घरात दोन पेशंट आहेत आणि दुसरा पेशंट पहिल्याइतकाच आजारी आहे. पुढच्या खेपेला डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी आजीला तपासलं, औषधं बदलली आणि दवाखान्यात भरती व्हायचं का म्हणून तिलाच विचारलं. आजी म्हणाली, "हे अठी अन् मी तठी? नाही बाप्पा."

मग आम्ही धान्याच्या खोलीतली दुसरी खाट काढली, बाबांनी तिची सुतळी ताणून दिली आणि आबाजींच्या खाटेशेजारी लावली. मध्ये फक्त आई बसू शकेल एवढी जागा. आजीच्या डोक्याखाली तीन उशा, खाली भांडं, बाजूला घंटी. असे दोघं शेजारी शेजारी, उताणे. आयुष्यभर आबाजी गिरणीत आणि आजी चुलीपाशी. एवढं सलग ते एकमेकांजवळ कधी राहिले असतील असं मला वाटत नाही. आणि राहिले ते भांडत. आजीला मीठ बंद झालं होतं. तिच्यासाठी बिनमिठाची डाळ आणि भात आला की ती ताटाकडे बघून म्हणायची, "मीठ नाही तं जेवन कायले म्हनाव?" आबाजींच्या घशाखाली तोवर पेजेशिवाय काही उतरत नव्हतं, पण ते आजीला जेवताना बघत. एकदा आईने सुके झिंगे भाजले, त्याचा वास आला, तर त्यांनी वाटी आणायला लावली, नुसती हुंगली आणि आजीपुढे धरायला सांगितली. "खाय आनि सांग कसे झाले." आजी खाऊन म्हणाली, "खारट." तिचं समाधान तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. सिस्टर आल्यावर आबाजींनी चहाडी केली, "सिस्टर, बुढीनं झिंगे खाल्ले. काल लोनचंही खाल्लं." आजी भिंतीकडे तोंड करून पडली आणि दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. संध्याकाळी आबाजींनी खाटेवरून हात लांब करून तिच्या खाटेच्या कडेचं लाकूड वाजवलं, तेव्हा कुठे तिने कूस बदलली.

भेटायला येणारे लोक दारातूनच दोन खाटा पाहायचे आणि बाहेर येऊन बाबांना विचारायचे, "दोघायलेही घरीच ठेवलं? नागपूरले काहून नेत नाही?" बाबा ऐकून घेत आणि गिरणीत जात. काकाजींना ते फार लागायचं. नागपुरात त्यांच्या ऑफिसातले लोकही हेच विचारत. ते एका शनिवारी आजीसाठी तरी गाडी आणतो म्हणून हट्टाला पेटले. आजीनेच त्यांना जवळ बसवून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबू, तू मले नेशीन अन् मंग थकशीन. अठी बस थोडा येळ." ते बसले. संत्री सोलून एकेक फोड साल काढून तिला भरवत राहिले.

आम्हा सगळ्यांना वाटत होतं की आबाजी आधी जाणार. तयारी सगळी त्यांची होती. गेली ती आजी. दुपारची जेवणं झाली होती, गिरणीत काम चालू होतं, आई तिचे पाय कोमट पाण्याने पुसत होती. आजी म्हणाली, "पुरे, जाऊन जेव तू." आई पाणी टाकायला मागे गेली, परत आली, आणि आजी गेलेली होती. आबाजी औषधाच्या गुंगीत शेजारी झोपलेले. आईने मला खुणेने बोलावलं. मी नाकाशी हात धरला, सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे मानेला बोटं लावली. काही नव्हतं. आजीचे पाय अजून ओले होते.

त्या दिवशी शनिवारच होता. काकाजी आलेले होते. सगळे पडवीत जमलो. काकाजी आधी भिंतीला टेकून हमसाहमशी रडले आणि मग एकदम डोळे पुसून म्हणाले, आबाजींना सांगायचं नाही. ते झोपेत आहेत तोवर आजीला मागच्या दाराने बाहेर घ्यायची, शेजारच्यांच्या अंगणात ठेवायची, तिथूनच सगळं करायचं. जागे झाले की सांगू, दम लागला म्हणून दवाखान्यात नेलं. "त्यायले धक्का सहन नाही होनार दादा. आजच्या आज दोघं जातीन."

बाबा खाली पाहत होते. मला वाटलं ते हो म्हणणार. बोलली ती आई. दिराशी मान वर करून बोललेली मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. "भाऊजी, तुमी म्हना ते करा," ती म्हणाली, "पन मामाजीनं मले विचारलं, तं खोटं माह्या तोंडून निघनार नाही. खाट रिकामी दिसनार हाये त्यायले."

तेवढ्यात आतून आबाजींची हाक आली. "सुने!"

आम्ही सगळेच आत गेलो. ते जागे होते आणि मान आजीच्या खाटेकडे वळलेली होती. आईने तिच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर ओढली होती, नेहमीसारखीच. काकाजी पुढे झाले. "आबाजी, आईले जरा दम लागला. दवाखान्यात नेऊन राहिलो आमी. इंजेक्शन देतीन, होईल बरं."

आबाजींनी त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. "सुने, तू सांग."

काकाजींनी माझा दंड धरला, जोरात. बाहेर गिरणीचा आवाज चालूच होता, बाबांनी गड्याला अजून सांगितलं नव्हतं. मला मोठ्यानेच बोलावं लागलं. "आजी गेली आबाजी. आत्ताच गेली."

काकाजींनी माझा दंड सोडला. मला वाटलं ते मला मारतील. त्यांनी आबाजींकडे पाहिलं, काय होतंय ते बघायला. आबाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे वाहत गेलं. त्यांनी ते पुसलं नाही. "तरास झाला का तिले?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. आईने सांगितलं की पाय पुसत होते, पुरे म्हणाल्या, जाऊन जेव म्हणाल्या. "जेवली का तू?" आबाजींनी विचारलं. आई रडायलाच लागली.

काकाजी त्यांच्या खाटेशी बसले आणि त्यांचा हात कपाळाला लावून म्हणाले, "मले वाटलं तुमाले धक्का बसंन." आबाजी म्हणाले, "मी आधीच मरून राहिलो बाबू, मले आनखीन कायचा धक्का? तुमी तिले चोरून नेली असती तं बसला असता." मग त्यांनी सांगितलं, "माही खाट तिकडे सरकवा."

मध्ये आई बसायची ती जागा गेली आणि दोन्ही खाटा एकमेकींना लागल्या. शेजारच्या बायका आल्या. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई म्हणून हिरवं लुगडं, बांगड्या, मळवट. कुंकवाची डबी पुढे आली तेव्हा आबाजी म्हणाले, मी लावतो. त्यांना बसता येत नव्हतं. बाबांनी त्यांना मागून आपल्या छातीवर धरून उठवलं आणि काकाजींनी त्यांचं कोपर पेललं. बोट घसरलं, कुंकू भुवईवर गेलं. एक बाई पदराने नीट करायला वाकली. "राहू द्या," आबाजी म्हणाले. "पयल्यांदाच लावून राहिलो, वाकडं तं होनारच." त्या बायका रडता रडता हसल्या. तसंच वाकडं कुंकू घेऊन आजी गेली. तिला अंगणातून पुढच्या दाराने नेलं. आबाजींनी उशी उंच करून घेतली होती, त्यांना दारातून दिसत होतं.

त्या दिवसाबद्दल मला आजवर पुष्कळांनी विचारलंय. काकाजींनीच पुढे सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, सुनूने सांगितलं म्हणून बरं झालं, नाहीतर मी आबाजींना कुंकू लावू दिलं नसतं. मी काही फार विचार करून बोलले नव्हते. विचारलं तर सांगीन असं म्हटलं होतं, आणि त्यांनी विचारलं. आता माझी मुलगी माझ्या त्या वेळच्या वयाची आहे. आमच्या इमारतीत कुणाचे आजी-आजोबा आयसीयूत असले की काचेतून पाहून आलेली माणसं लिफ्टमध्ये भेटतात, आणि मला त्या दोन चिकटलेल्या खाटा आठवतात. मी कुणाला काही सांगत नाही. प्रत्येकाचं घर वेगळं असतं, आणि रंजना सिस्टर प्रत्येकाला मिळत नाहीत.

आबाजी त्यानंतर काही आठवडे राहिले. तेराव्याला बुंदी केली, ती आजीच्या नावाने. त्यांनी एक दाणा जिभेवर ठेवून घेतला. काकाजींनी ऑफिसातून रजा काढली आणि ते परत गेले नाहीत. आईला त्यांनी खाटेखालचं भांडं उचलू दिलं नाही, ते काम स्वतःकडे घेतलं. रिकाम्या खाटेवर मी झोपायला लागले. आबाजींना मध्येच तोंड कोरडं पडायचं, तेव्हा कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवायचा. हळूहळू पेज बंद झाली. बोलणंही कमी झालं. सिस्टरांनी सांगितलं, आता भूक लागणार नाही, बळेच भरवू नका, आणि कान शेवटपर्यंत चालू असतात तेव्हा जे बोलायचं ते त्यांच्याजवळ बोला. बाबा फार बोलणारे नव्हतेच. ते दर रविवारी गिरणीतून येऊन, हात धुऊन, आबाजींची दाढी करून देत. वाटीत गरम पाणी, ब्रश, साबण, तुरटी. सगळं घेऊन खाटेवर बसायचे आणि एक हात हनुवटीखाली धरून, जराही घाई न करता, गालावरून वस्तरा फिरवायचे. तेवढा वेळ ते आबाजींना सांगत, किती धान आलं, कुणाचं आलं, कोणत्या शेतकऱ्याचा तांदूळ तुटून राहिला.

तसाच एक रविवार होता. मी खाटेवर पुस्तक घेऊन बसले होते. बाबांची एक बाजू करून झाली होती, दुसऱ्या गालावर साबण होता. त्यांचा वस्तरा थांबला. त्यांनी आबाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, छातीवर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मला ते दिसत होतं आणि कळतही होतं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही म्हणून मी हलले नाही. मग त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवून झटकला आणि उरलेला गाल करायला घेतला. कानाजवळून खाली, हनुवटीची घडी ताणून, ओठांवरचं सगळ्यात शेवटी. टॉवेलने साबण पुसला. दोन्ही गालांवर तुरटी फिरवली.

"आईले सांग," ते म्हणाले, "आबाजी गेले. अन् काकाजीले उठव." मी उठले तेव्हा ते वाटीतलं पाणी टाकायला बाहेर निघाले होते.